खडी आणि कोरस

आईला इंग्रजी येत नाही. पण कोण मनापासून गातंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय, हे तिला कुठल्याही भाषेत कळतं. 2024च्या जानेवारीअखेर 'द ग्रेटेस्ट नाइट इन पॉप' हा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. मी तो लावून बसलो होतो आणि आई शेजारी परातीत मटार सोलत होती. मधूनमधून मी तिला माणसं ओळखून देत होतो. हा मायकेल जॅक्सन, हा तुलाही माहीत आहे. ती टीना टर्नर. काळा चष्मा लावलेले ते दोघंही अंध, त्यातला थोराड तो रे चार्ल्स, दुसरा स्टीव्ही वंडर. चाळीस-पंचेचाळीस माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी राहून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. आईने हातातली शेंग तशीच धरून पडद्याकडे बोट केलं. "तो बघ, चामडी जाकिटातला. त्याला काही जमत नाहीये."

तो बॉब डिलन होता. ज्याला पुढे साहित्याचं नोबेल मिळालं तो माणूस त्या घोळक्यात हरवलेल्या पोरासारखा उभा होता. कोरसमध्ये त्याचे ओठ जेमतेम हलत होते. पहाटे त्याच्या एकट्याच्या ओळींची पाळी आली तेव्हा त्याला सूरच सापडेना. मग स्टीव्ही वंडर पियानोवर बसला आणि त्याने ती ओळ हुबेहूब डिलनच्या नाकातल्या आवाजात म्हणून दाखवली. डिलनला डिलनसारखं कसं गायचं ते दुसऱ्याने शिकवलं! हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला आणि ओळ जमली. आई हसली. तिला आमच्या गावचे भजनीबुवा आठवले असावेत.

माहितीपट संपेपर्यंत परात भरली होती. आई म्हणाली, "छान आहे. पण दुष्काळाचं गाणं म्हणालास ना? मग दुष्काळ कुठे दाखवला?"

बहात्तरच्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. आष्टीच्या बाजूला, रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडलीय. 'अगं, तो सिनेमा गाण्याबद्दल आहे,' असं काहीतरी उत्तर मी तेव्हा दिलं. ते उत्तर मलाच पुरलं नाही.

तर आधी गाणं. 'वी आर द वर्ल्ड'.

त्याची सुरुवात अमेरिकेत झालीच नाही. 23 ऑक्टोबर 1984 रोजी बीबीसीच्या बातम्यांत इथिओपियाच्या उत्तरेकडच्या कोरम गावातली छावणी दिसली. वार्ताहर मायकेल ब्युर्क, कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा. अमीन हे नैरोबीत जन्मलेले, पंजाबी घरातले. नंतर 1991 मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचा डावा हात गेला, तरी कृत्रिम हात लावून ते काम करत राहिले आणि 1996 मध्ये अपहरण झालेल्या इथिओपियन विमानाच्या अपघातात गेले. पहाटेच्या धुक्यात चादरी गुंडाळून बसलेली हजारो माणसं त्यांनी टिपली होती. ब्युर्कने या दृश्याची तुलना बायबलमधल्या दुष्काळाशी केली. ही उपमा लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

ही बातमी पाहणाऱ्यांत आयरिश गायक बॉब गेल्डॉफ होता. त्याने मिज युरला सोबत घेऊन ब्रिटनमधल्या गायकांना 25 नोव्हेंबरला लंडनच्या एका स्टुडिओत जमवलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला 'बँड एड'चं नाताळगीत बाजारात आलं. ब्रिटनमध्ये ते इतकं खपलं की त्याचा विक्रम मोडायला 1997 साल आणि डायनाच्या मृत्यूवरचं एल्टन जॉनचं गाणं यावं लागलं.

अमेरिकेत हे पाहून अस्वस्थ झाला तो हॅरी बेलाफोंते. कॅरिबियन गाण्यांमुळे प्रसिद्ध झालेला हा गायक मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीत पैशाने आणि जिवाने उतरलेला होता. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठी गोरे गायक धावून जातात आणि आपण काळे कलावंत कुठे आहोत, हा त्याचा सवाल होता. त्याच्या डोक्यात आधी जलसा होता. केन क्रेगन या व्यवस्थापकाने सुचवलं की त्यापेक्षा गाणं करू. गायक लायोनेल रिचीचाही व्यवस्थापक क्रेगनच होता. रिचीने मायकेल जॅक्सनला गाठलं, आणि संगीत-निर्माता म्हणून क्विन्सी जोन्स आला. बेलाफोंतेच्या प्रश्नाला तीन काळ्या कलावंतांनी दिलेलं उत्तर म्हणजे हे गाणं. गाणं जगभर गेलं आणि प्रश्न मागे राहिला, ते वेगळं.

रात्र कोणती ठरवायची यात क्रेगनची खरी हुशारी. 28 जानेवारी 1985. त्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स होते, म्हणजे निम्मे लोक आपसूकच गावात. सूत्रसंचालक खुद्द रिची, आणि त्या रात्री सहा पुरस्कारही त्यालाच. समारंभ आटोपला की सगळ्यांनी थेट हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत यायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाणं संपवायचं. लग्नाच्या मांडवातून वऱ्हाड परस्पर श्रमदानाला न्यावं, तसला प्रकार. ब्रूस स्प्रिंगस्टीन आदल्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला गाऊन आला होता आणि स्वतः गाडी चालवत स्टुडिओवर पोचला.

त्या जागेचीही एक गोष्ट आहे. हा सगळा परिसर मुळात चार्ली चॅप्लिनने 1917-18 च्या सुमारास बांधलेला त्याचा स्वतःचा स्टुडिओ. 'द गोल्ड रश'मध्ये भुकेने कळवळलेला चार्ली बूट शिजवून खातो, ताटात काट्याने नाडी गुंडाळून शेवयांसारखी तोंडात घालतो, तो प्रसंग याच आवारात चित्रित झालाय. भुकेवर जगाला हसवून साठ वर्षं झाली होती, आता तिथेच भुकेवर गायचं होतं.

क्विन्सी जोन्सने दारावर कागद लावला होता : अहंकार बाहेर ठेवून आत या. ही ओळ इतक्यांदा सांगितली गेलीय की तिचं सुभाषित झालंय. मला त्यापेक्षा जमिनीवरच्या चिकटपट्ट्या जास्त बोलक्या वाटतात. प्रत्येक पट्टीवर एकेकाचं नाव. कोण कुठे उभं राहणार याची चर्चाच नाही. नाव शोधा आणि उभे राहा. शाळेच्या कवायतीत पीटीच्या सरांनी चुन्याने आखलेल्या फुल्या आठवतात ना, तसं. अहंकार नाहीसा होत नाही, त्याला उभं राहायला एक फूट जागा आखून द्यावी लागते, हे जोन्सला ठाऊक होतं. कुणाला कुठली ओळ द्यायची हे टॉम बालर या स्वररचनाकाराने आधीच बसवलं होतं. गुळगुळीत आवाजाशेजारी खरखरीत, उंच आवाजानंतर खालचा. आठवलं तर ऐका : विली नेल्सनचा शांत, बोलल्यासारखा सूर येतो, आणि थोड्याच वेळात स्प्रिंगस्टीन घसा फाडत घुसतो. अर्ध्या-अर्ध्या ओळीत माणूस ओळखू आला पाहिजे, हे गणित. शेवटी गाणं अर्धा सूर वर चढतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. युक्ती जुनी आहे, तरी दरवेळी लागू पडते.

गमती पुष्कळ घडल्या. सिंडी लॉपर गाताना मायक्रोफोनमध्ये कसलासा किणकिणाट येत होता. तो तिच्या गळ्यातल्या माळांचा निघाला. प्रिन्स आलाच नाही, त्याच्यासाठी राखलेली ओळ ह्यूई लुइसच्या वाट्याला गेली. मध्येच सगळ्यांनी बेलाफोंतेचं केळीवाल्यांचं जुनं गाणं उत्स्फूर्त म्हणून त्याला मान दिला.

आणि एक वाद झाला. काही शब्द स्वाहिलीत घालावेत असं स्टीव्ही वंडरने सुचवलं. कंट्री गायक वेलन जेनिंग्ज वैतागून निघून गेला. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की इथिओपियात स्वाहिली बोलतच नाहीत. दुष्काळग्रस्तांसाठी जमलेल्या त्या खोलीत त्यांची भाषा कोणती, हा प्रश्न मध्यरात्र उलटून गेल्यावर निघाला, तोही चुकून.

सकाळी आठच्या सुमारास काम संपलं. सगळे पांगले तेव्हा डायना रॉस रडत होती. हे संपूच नये असं तिला वाटत होतं.

7 मार्च 1985 ला तबकडी दुकानांत आली. पहिल्या आठ लाख प्रती तीन दिवसांत गेल्या. 5 एप्रिलच्या गुड फ्रायडेला हजारो रेडिओ केंद्रांनी ते एकाच वेळी वाजवलं. जगभर मिळून दोन कोटींवर प्रती खपल्या. 'यूएसए फॉर आफ्रिका' या संस्थेकडे सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. ग्रॅमी मिळाले. टीकाही तेव्हाच झाली. समीक्षक ग्रील मार्कस यांना त्यात पेप्सीच्या जाहिरातीचा वास आला, कारण जॅक्सन आणि रिची दोघंही तेव्हा पेप्सीच्या करारात होते. टीका बोचरी आहे, थोडी खरीही आहे. पण पेप्सी पिऊन कुणाच्या ताटात धान्य पडलं नव्हतं, आणि या पैशातून औषधं, धान्य, तंबू गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गाण्यापेक्षाही त्याचा साचा जास्त टिकला. एका कानावर हेडफोन, दुसरा कान उघडा, डोळे मिटलेले. (हे निव्वळ दिखाऊ नाही. कुठल्याही रेकॉर्डिस्टला विचारा : एका कानात वाजलेला ट्रॅक आणि दुसऱ्या कानाने स्वतःचा खरा आवाज ऐकला की सूर धरायला सोपं जातं. पण पुढे तो दानशूरपणाचा गणवेशच झाला.) आधी एकेकाची ओळ, मग जोड्या, मग पायऱ्यांवरचा सगळा जमाव डोलतोय. 1985 या एका वर्षात कॅनडाने, फ्रान्सने, जर्मनीने, स्पॅनिशभाषक गायकांनी आपापली गाणी केली. हेवी मेटलवाल्यांनीही केलं. 2010 मध्ये हैतीच्या भूकंपासाठी हेच गाणं त्याच स्टुडिओत नव्या गायकांसह पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. स्टुडिओचं नाव तेवढं तोवर हेन्सन झालं होतं.

आपल्याकडे 1988 च्या 15 ऑगस्टला दूरदर्शनवर आलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा' याच काळातलं. भीमसेन जोशींच्या भैरवीने सुरू होणारं, अशोक पत्कींचा हात लागलेलं. त्याचा हेतू वेगळा होता आणि बांधणीही उलटी : तिथे सगळे एका खोलीत आलेच नाहीत, कॅमेराच देशभर हिंडला. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं, पण मी पक्षपाती आहे. 2010 च्या मराठी भाषादिनाला आलेल्या कौशल इनामदारांच्या मराठी अभिमानगीतात मात्र शंभराहून अधिक नामवंत गायक आणि तीनशेंवर समूहगायक होते. सुरेश भटांची कविता एकेक ओळ वाटून घेणारे ते आवाज ऐकताना हॉलिवूडच्या त्या पायऱ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. करोनाच्या टाळेबंदीत तर जो तो आपल्या घरातून, आपापल्या मोबाइलच्या चौकटीत, कानात हेडफोन घालून गात होता.

या वंशावळीचा मूळपुरुष शोधायला गेलं तर तिथे आपले पंडित रविशंकर भेटतात. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्यांनी जॉर्ज हॅरिसनला साद घातली आणि 1 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम झाला. सतार-सरोद जुळवून झाल्यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा पंडितजींनी मिश्कीलपणे म्हटलं होतं की नुसतं जुळवणं इतकं आवडलं, तर वाजवणं आणखी आवडेल. पुढे बराच पैसा करांच्या घोळात कित्येक वर्षं अडकून पडला. बेलाफोंते-गेल्डॉफ मंडळींनी त्यातून धडा घेतला.

आता बायबलच्या त्या उपमेकडे. बायबलमधला दुष्काळ म्हणजे आभाळातून आलेला. देवाने पाऊस अडवला, माणसं मेली, यात गुन्हेगार कुणी नाही. इथिओपियात पाऊस कमी पडला हे खरंच. पण 1984-85 मध्ये माणसं सर्वांत जास्त मेली ती तिग्राय आणि वोलो या भागांत, जिथे मेंगिस्तू हैले मरियमच्या लष्करी राजवटीचं बंडखोरांशी युद्ध चालू होतं. फौजांनी बाजारांवर बाँब टाकले, धान्याची ने-आण अडवली, मजुरीसाठी दुसऱ्या मुलखात जाणाऱ्यांची वाट बंद केली. अभ्यासक अलेक्स द वाल यांनी हे 1991 मध्ये तपशीलवार मांडलं. सप्टेंबर 1984 मध्ये, लोक मरत असतानाच, राजधानीत क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाचा थाट उडाला होता. पुढे दुष्काळाचंच निमित्त करून सुमारे सहा लाख लोकांना उत्तरेतून उचलून दक्षिणेत नेऊन टाकलं. याला उघड विरोध करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फ्रेंच शाखेला 1985 च्या अखेरीस देशातून हाकललं. बळींचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहेत.

यातलं काही गाण्यात येणं शक्य होतं का? चार-सहा मिनिटांत युद्ध कसं गाणार? मी स्वतःशी हा वाद घालतो आणि दरवेळी गाण्याच्या बाजूने अर्धा झुकतो. पण त्याच वर्षी स्टीव्हन व्हॅन झँट याने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध 'सन सिटी' केलं. तेही असंच नामवंतांचं समूहगान, तरी त्यात कुणाचं काय चुकतंय ते स्पष्ट होतं. अमेरिकेतल्या अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवलंच नाही. म्हणजे नाव घेता येतं. मग पैसे कमी जमतात.

आणि आफ्रिकेने स्वतः काय केलं? कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो याने पॅरिसमध्ये मोरी कांते, सालिफ केता, युसू नदूर, किंग सनी अदे अशा आफ्रिकन कलावंतांना जमवून 'ताम ताम पूर लेथिओपी' नावाची तबकडी काढली. तीही इथिओपियासाठीच. किती जणांनी ऐकली? हाच तो दिबांगो, ज्याच्या 1972 च्या गाण्यातलं पालुपद मायकेल जॅक्सनने 'थ्रिलर' अल्बममध्ये वापरलं आणि प्रकरण कोर्टाकडून तडजोडीपर्यंत गेलं. त्याचं पालुपद जगाने जॅक्सनच्या आवाजात ऐकलं, आणि त्याने केलेली मदत ऐकलीच नाही. 2020 च्या मार्चमध्ये करोनाने तो गेला.

'बँड एड'चं नाताळगीत दर काही वर्षांनी नवं होऊन येतं आणि दरवेळी त्याची अडचण वाढत जाते. मूळचे घानाचे ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी यांनी 2014 मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. आफ्रिकेचं हे दीनवाणं चित्र आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. 2024 च्या आवृत्तीत आपला जुना आवाज वापरण्याआधी विचारलं असतं तर नकार दिला असता, असं एड शीरनने जाहीर केलं. इथिओपियात तर ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे आणि नाताळ 7 जानेवारीला मोठ्या थाटात होतो. त्यांना नाताळ आल्याचं कळलंय का, असं त्यांनाच विचारणारं गाणं!

अमर्त्य सेन यांनी 1981 च्या पुस्तकात वोलोचाच आधीचा, 1973 चा दुष्काळ तपासला होता. धान्य त्या भागातून बाहेर जात होतं, कारण तिथल्या माणसांकडे ते विकत घ्यायला पैसे नव्हते. भूक ही धान्याच्या टंचाईपेक्षा क्रयशक्तीच्या टंचाईची गोष्ट आहे, हे त्यांचं सूत्र. त्याच सुमारास महाराष्ट्रात काय चाललं होतं? 1972-73 मध्ये अनेक जिल्ह्यांतलं पीक निम्म्याहून खाली आलं होतं. जाँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून तो आफ्रिकेतल्या दुष्काळांशेजारी ठेवला : धान्याची स्थिती इथेही भयंकर होती, पण भूकबळींची लाट आली नाही. 1973 च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. त्यातली एक माझी आई.

तिला त्यातलं वीरश्रीचं काही आठवत नाही. मिलोची भाकरी आठवते. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, जी थापताना तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसायची. सुकडी आठवते. हाताला आलेले फोड, पगाराच्या दिवशीची मुकादमाची वही, आणि मोर्चे. हो, मोर्चे, काम मागणारे आणि मजुरी थकली म्हणून निघालेले. इथे सरकारला जाब विचारता येत होता. वोलोत विचारणाऱ्याला गोळी होती.

सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना पुढे आणली; दुष्काळात ती राज्यभर पोचली, मग कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारपत्रकात तो अजून आहे, महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. पंचवीस वर्षं तो कापला जातोय आणि कशासाठी ते मला चाळिशीत कळलं. त्याचं कुणी गाणं केलं नाही, कुणी डोळे मिटून हेडफोन दाबला नाही.

2005 च्या जुलैत गेल्डॉफने 'लाइव्ह 8'चे जलसे केले, आणि त्याच वर्षी इथिओपियात एक मोठी योजना सुरू झाली : टंचाईच्या महिन्यांत लाखो कुटुंबांना बांधबंदिस्ती, रस्ते, मृदसंधारणाची कामं आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. वाचताना मला कुठल्याही भाषांतराची गरज पडली नाही. दिल्लीत रोजगार हमीचा केंद्रीय कायदा झाला तोही त्याच वर्षी.

हे सगळं आईला सांगायला मी पुन्हा तो विषय काढला. तिला व्यवसाय कराचं काही कौतुक वाटलं नाही. "मग द्यायलाच पाहिजे," एवढंच म्हणाली. पण त्या रात्रीचा एक तपशील मी सांगितला तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं. स्टीव्ही वंडरने दोन इथिओपियन बायकांना पाहुण्या म्हणून स्टुडिओत आणलं होतं. त्यांनी आपल्या देशाच्या वतीने सगळ्यांचे आभार मानले. खोलीत अनेकांचे डोळे भरून आले. मग त्यांना बाहेर नेलं.

"त्यांना गायला नाही उभं केलं?" आईने विचारलं.

"नाही."

"त्यांची नावं होती का खाली, त्या पट्ट्यांवर?"